शिळाछापातला आजा

माझ्या आयुष्यात मी एका माणसाच्या हातावर उकळती पेज ओतली आहे. त्याचा मला आजवर पस्तावा झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवायला नको. ही पोरगी नाकावर राग घेऊनच जन्माला आली, असं माझी आई म्हणायची. असेल. पण त्या दिवशीचा राग नाकावरचा नव्हता, तो पोटातून आला होता. आणि त्याला कारण झाली ती बंगल्याच्या भिंतीवर टांगलेली जुनी चित्रं.

माझं माहेर नागभीडजवळचं, धानाच्या बांध्यांतलं. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं. नवरा जंगल खात्यात नाकेदार, म्हणजे गार्ड. नाका धानोऱ्याच्या पुढे, आत जंगलात. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. बैलगाडीतून उतरले तेव्हा समोर आमचं कौलारू क्वार्टर, पलीकडे खात्याचा विश्रामबंगला, आणि मग जिकडे बघावं तिकडे साग, मोह आणि बांबू. शेजार म्हणाल तर बंगल्याचा चौकीदार आणि त्याची बायको. दोघंही माडिया, जवळच्याच गावचे. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बाई म्हणायचा. बोलायला दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे आमची ओळख लवकर झाली.

बंगला इंग्रजांच्या वेळचा. साहेब निघून गेले, पण त्यांच्या खुर्च्या, त्यांचा बिनकामाचा पंखा आणि ती चित्रं तिथेच राहिली. बंगल्याला चुना मारायचा म्हणून एकदा सगळं सामान व्हरांड्यात काढलं, तेव्हा ती मी पहिल्यांदा उजेडात बघितली. जाड काळ्या चौकटी, वरून धुरकट काच. एका चित्रात मोठी नदी, काठाला लागलेली नाव, आणि नावेतून लांब बंदुका घेऊन उतरणारे टोपीवाले गोरे. काठावर उघड्या अंगाचे लोक उभे, डोक्याला पिसं खोवलेली. दुसऱ्यात त्याच लोकांच्या झोपड्या जळत होत्या. एक बाई लेकराला काखेत मारून पळत होती आणि तिचे केस एका गोऱ्याच्या मुठीत होते. तिसऱ्यात एक माणूस झाडाला पाठ लावून बांधलेला, हात मागे ओढलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा काढलेल्या. एकजण त्याच्या छातीला बंदूक लावून उभा, बाकीचे मजेत बघताहेत. चित्रं मुळात काळीच होती, पण त्याच्या खांद्यावरून वाहणाऱ्या रक्तात कोणीतरी हातानं लाल रंग भरला होता. आणि शेवटच्या चित्रात एक साहेब खडकावर पाय ठेवून लांबवर बोट दाखवत होता. त्या बोटाचा मला फार राग यायचा. समोरचं सगळं जंगल जणू याच्या बापानं याच्यासाठी राखून ठेवलं होतं.

असली चित्रं लावून त्या खोलीत माणसं जेवायची कशी, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "सायबाले तेच आवडे. आपण इथी पह्यल्यांदा आलो, कसे आलो, ते पाहत जेवे तो."

माझा नवरा मॅट्रिक झालेला होता आणि ते तो दिवसातून एकदा तरी कोणाला ना कोणाला जाणवू द्यायचा. त्या दिवशी त्यानं मला आणि चौकीदाराला समोर बसवून ती चित्रं कशी होतात ते समजावून सांगितलं. लहानपणी नागपूरला त्यानं एक शिळाप्रेस बघितला होता. म्हणाला, हे शिळाछाप आहेत. मोठा गुळगुळीत दगड घेतात, त्या दगडावर माणूस चित्र काढतो, मग शाई लावून त्यावरून कागद काढतात. दगडावर जसं असेल तसं कागदावर उतरतं.

चौकीदार हातातला चुन्याचा कुंचला खाली ठेवून ऐकत होता. त्यानं झाडाला बांधलेल्या माणसाकडे बोट केलं.

"म्हणजे याचा दगड आहे?"

"आहे म्हणजे, होता. दगडाबिगर हे होतच नाई."

"कुठी आहे?"

"विलायतेत असन. तिकडंच छापतात."

चौकीदारानं आपल्या डोक्याचं फडकं सोडलं आणि त्या चित्राची काच पुसली. बाकीच्या चित्रांना त्यानं हात लावला नाही. नवरा आपल्या व्याख्यानावर खूश होऊन निघून गेला. त्यानं काय करून ठेवलं ते मला पुढे चौकीदाराच्या बायकोकडून कळलं.

माडियांमध्ये माणूस मेला की त्याच्या नावाचा दगड गावाबाहेर वाटेच्या कडेला उभा करतात. दगड उभा राहिला की मेलेला माणूस घरचा होतो, देवांत बसतो. मग मोह गोळा करायच्या आधी, नवा तांदूळ खायच्या आधी, पहिला घास आणि कोंबडीचं रक्त त्याला. त्या सणांना ते पंडुम म्हणतात. ज्याचा दगड नाही तो भटकत राहतो, उपाशी राहतो आणि घरच्यांनाच छळतो. चौकीदाराच्या आज्याचा दगड नव्हता. गोरे त्या भागात पहिल्यांदा तंबू घेऊन आले तेव्हा त्यांनी सामान वाहायला गावातली माणसं धरली. आजा जाईना. त्याला झाडाला बांधून मारलं आणि तसाच पुढे ओढत नेला. तो परत आला नाही. त्याचं मढं कुठे टाकलं ते कोणाला कळलं नाही, आणि मढं नाही म्हणून दगड नाही. चौकीदाराचा बाप तापानं गेला, दोन भाऊ लहानपणीच गेले, स्वतःचं पहिलं पोर जन्मताच गेलं. प्रत्येक वेळी गावानं एकच सांगितलं, आजा उपाशी आहे.

चित्रातला माणूस आपला आजा आहे, हे चौकीदार आधीपासून धरून होता. पिसं तीच, उघडं अंग तेच, नदी असेल इकडचीच एखादी, आणि झाडाला बांधून मारलेला माणूस तर त्याच्या घरची गोष्टच. अडत होतं ते दगडावर. आता नाकेदारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की याचा दगड आहे. लांब आहे, पण आहे, आणि हा कागद त्या दगडावरून उतरलेला आहे.

"आता जेवू घालता येते त्याले," त्याची बायको म्हणाली. ती तेव्हा पुन्हा पोटुशी होती. तिच्या बोलण्यात आनंद नव्हता, हिशेब होता. आजा जेवला तर हे पोर जगेल.

त्या वर्षी नव्या तांदळाला चौकीदारानं कोंबडी कापली आणि चौकटीच्या खालच्या लाकडाला रक्ताचं बोट लावलं. मी बघत होते. मला वाटलं होतं अंगावर काटा येईल, पण तो इतक्या साधेपणानं करत होता की मीच मग भाताचं शीत काढून दिलं. पोर झालं ते मुलगी झाली आणि जगली. आता कोणीही सांगावं की हे असं नसतं. मलाही ठाऊक आहे. पण ती मुलगी अंगणात रांगायला लागली तेव्हा चौकीदार त्या चित्रासमोर उभा राहून हसायचा, आणि मला ते बघून बरं वाटायचं.

मोह गळायला लागायच्या सुमारास बंगल्यावर एक पाहुणा आला. वरच्या कोणत्या तरी साहेबाचा दोस्त. गावांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, पण याच्या अंगातून ती निघाली नव्हती. सोबत जीप, ड्रायव्हर, दोन बंदुका आणि कमरेला गुंडाळलेला चामड्याचा हंटर. कुत्र्यांसाठी म्हणून हंटर, आणि कुत्रं एकही आणलेलं नव्हतं. त्याच्या तोंडात माणसांची नावंच नसायची. ए नाकेदार, ए चौकीदार, ए बाई. माझ्या मनातून तो पहिल्या हाकेतच उतरला.

त्याला वाघ पाहिजे होता. नवऱ्यानं आजूबाजूच्या गावांतली माणसं हाक्याला बोलावली. हाका म्हणजे माणसांनी ओरडत, डबे वाजवत जनावर बंदुकीसमोर काढायचं. वाघ निघाला नाही. दुपार झाली तसा पाहुणा भडकला, आणि समोरून जे निघालं त्यावर त्यानं गोळी झाडली. ती चितळाची मादी होती. ती पडली, पण मेली नाही. तशीच पाय झाडत तिला बांबूला बांधून आणली आणि बंगल्याच्या व्हरांड्यापुढे टाकली. तिथे ड्रायव्हरनं तिचा गळा कापला. पोट फाडलं तेव्हा आतून पूर्ण वाढलेलं पाडस निघालं, ओलं, ठिपके उमटलेलं. पाहुणा ते बुटाच्या टोकानं उलथं करून बघत होता आणि हसत होता. हाक्याची माणसं मान खाली घालून उभी होती. एक म्हातारा हळूच बोलला की पोटातलं मारू नये, तर पाहुण्यानं वळून त्याच्या तोंडावर हंटर मारला. म्हाताऱ्याचा ओठ फाटला. बाकीची माणसं गावाकडे निघून गेली. म्हातारा रक्त थुंकत त्यांच्या मागून गेला.

मी हे सगळं रांधणीच्या दारातून बघत होते. पाहुण्यांचं रांधायला चौकीदाराच्या बायकोला हात लागतो म्हणून मी गेले होते. मला हंटर बघवत नाही. बेचाळीसच्या चळवळीत माझा मोठा भाऊ चिमूरला होता, तिथे त्याला गोऱ्यांनी धरलं. तो घरी आला तेव्हा त्याच्या पाठीला आई तेल लावायची आणि मी दिवा धरून बसायची. त्या वळांवरची कातडी पुढे कधीच नीट झाली नाही. गोरे गेले की हंटर जाईल असं आम्हाला वाटलं होतं. तो तर आपल्याच माणसाच्या कमरेला येऊन बसला होता.

पाहुणा आत गेला, हातपाय धुतले आणि व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला. दारू घेता घेता त्याची नजर आत भिंतीवर गेली. तो उठून चित्रं बघायला लागला. नागपूरला त्याच्या दिवाणखान्यात असली जुनी चित्रं शोभतील, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं ड्रायव्हरला ती उतरवायला सांगितलं. खात्याचं सामान आहे, असं माझा नवरा एकदा पुटपुटला. मी साहेबाशी बोलतो, असं पाहुणा म्हणाला आणि विषय संपला.

ड्रायव्हरनं पहिली चित्रं उतरवून जीपमध्ये नेली. बांधलेल्या माणसाचं चित्र उतरवताना त्याच्या बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. आदल्याच दिवशी मोहाचं पंडुम झालं होतं. चौकटीवर कोंबडीचं वाळलेलं रक्त होतं.

"ये क्या है?" पाहुण्यानं विचारलं.

चौकीदार दारातच उभा होता. त्यानं खरं ते सांगितलं. "आमचा आजा होय, मालक. त्याले देल्लं आहे. हे नेऊ नोका. बाकीचे न्या."

पाहुणा आधी हसला. मग म्हणाला, "पूस ते."

"पुसता नाई येत, मालक. त्याचं आहे ते."

"मी पूस म्हणतो."

चौकीदार पुढे झाला. पुसायला आला असं सगळ्यांना वाटलं. त्यानं ड्रायव्हरच्या हातातलं चित्र काढून घेतलं आणि छातीशी धरलं. लेकराला धरतात तसं. हंटर त्याच्या पाठीवर बसला. त्यानं चित्र सोडलं नाही. पाहुणा मारत राहिला. पाठ, मान, दंड, जिथे लागेल तिथे. चौकीदाराची बायको किंचाळत धावली आणि तिच्यामागे मी. भाताची पेज नुकतीच निथळली होती, तो गंज, म्हणजे पेजेचं पातेलं, फडक्यानं धरलेला तसाच माझ्या हातात होता. ठेवायचं सुचलं नाही.

आम्ही व्हरांड्यात पोचलो तेव्हा हंटरचं टोक चौकीदाराच्या डोळ्यात बसलं होतं. डोळा मिटलेला आणि मिटल्या पापणीतून रक्त गालावर येत होतं. तरी दोन्ही हात चित्राभोवती. ड्रायव्हर चौकट ओढत होता. लाकूड मोडलं, काच फुटली आणि तिचे तुकडे चौकीदाराच्या तळव्यांत शिरले. त्यानं तेही धरून ठेवले.

"नाकेदार," पाहुणा ओरडला, "बघतोस काय, धर त्याला."

आणि माझ्या नवऱ्यानं त्याला धरलं. मागून दोन्ही दंडांत हात घालून, मागे ओढून. चौकीदाराचे हात सुटले, चित्र खाली पडलं, छाती पुढे आली, बरगड्या दिसायला लागल्या. पाहुण्यानं हंटर पुन्हा उचलला. मला समोर तेच चित्र दिसत होतं. झाडाच्या जागी माझा नवरा होता.

मी गंज पाहुण्याच्या हातावर उलटा केला. विचार करून केला नाही, आणि केला असता तरी हेच केलं असतं. उकळती पेज मनगटापासून बोटांपर्यंत चिकटून बसली. हंटर पडला. असा मोठा माणूस इतक्या बारीक आवाजात ओरडेल असं मला वाटलं नव्हतं. माझीही बोटं भाजली होती, पण ते मला नंतर कळलं.

नवऱ्याची पकड सुटली. चौकीदार व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून सरपणाच्या ढिगाकडे गेला आणि कुऱ्हाड घेऊन परत आला. त्याचा एक डोळा बंद होता आणि दुसऱ्या डोळ्यात कोणीच नव्हतं. ना मी, ना बायको, ना मुलगी. ड्रायव्हर बंदूक आणायला आत पळाला. चौकीदाराच्या बायकोनं आपल्या नवऱ्याच्या पायांना मिठी मारली.

"फासी जाशीन," ती रडत होती. "मंग तुहा दगड कोण उभा करन? पोरगी करन का?"

तो तिला फरफटवत पुढे येत होता. पाहुणा भिंतीला टेकला होता. मी मधे उभी राहिले, ते पाहुण्यासाठी नाही. त्या माणसाची खांडोळी झाली असती तर मी त्यावर एक टिपूस गाळलं नसतं. पण समोरचा माणूस फासावर गेला असता.

तेवढ्यात पाहुण्यानं खाली बघितलं. चौकट मोडल्यामुळे चित्राचा कागद मोकळा झाला होता. चौकटीच्या लाकडाखाली आजवर दडलेली कागदाची पट्टी दिसत होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं होती. भाजलेला हात छातीशी धरून तो वाकला आणि ती त्यानं वाचली. आणि हसायला लागला. भेदरलेला माणूस हसतो तसं, थांबता येईना असं.

"अरे बेवकूफ, हे अमेरिकेतलं आहे. अमेरिका. सात समुद्रापलीकडे. तिथल्या रानटी लोकांच्या मुलखात गोरे पहिल्यांदा गेले त्याची चित्रं आहेत. तुझा आजा काय अमेरिकेला गेला होता?"

चौकीदार थांबला. त्यानं पाहुण्याकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुमी वाचा. काय लिवलं आहे?"

मी नवऱ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत जेवढं काही होतं ते सगळं मी त्या बघण्यात घातलं. खोटं बोल, एवढंच सांगत होते मी. एकदाच बोल. हा वैनगंगेचा काठ आहे म्हण, ही आपली कठाणी नदी आहे म्हण, तुझ्या बापाचं काय जातं. नवऱ्यानं कागद उचलला. ओठ हलवत वाचलं, दोनदा वाचलं.

"अमेरिकाच लिवलं आहे," तो म्हणाला. "तिकडच्या नदीचं नाव आहे. हा माणूस तिकडचा होय."

चौकीदाराच्या हातातून कुऱ्हाड खाली आली. पडली नाही, त्यानं ती हळूच पायरीवर ठेवली आणि शेजारी बसला. पाहुण्यावर धावून जायला जे त्याच्यात उभं राहिलं होतं, तेच निघून गेलं होतं. ड्रायव्हर बंदूक घेऊन बाहेर आला तेव्हा बंदूक दाखवायला समोर कोणी नव्हतं. एक माणूस पायरीवर बसला होता आणि रक्तानं भरलेले हात मांडीवर ठेवून नुसता बघत होता. तेव्हा तो रडला. हंटर खाताना रडला नव्हता.

पाहुणा दिवस मावळायच्या आत जीपमधून निघून गेला. रक्तानं आणि पेजेनं खराब झालेलं ते चित्र त्यानं लाथेनं व्हरांड्यातून खाली उडवलं, बाकीची नेली. एका बाईनं हात भाजला हे त्यानं कोणाला सांगितलं नसावं, कारण माझ्यावर काही आलं नाही. चौकीदार दारू पिऊन कुऱ्हाड घेऊन धावला, एवढं मात्र वर गेलं. त्याची नोकरी गेली. डोळाही गेला. गडचिरोलीला नेलं होतं, पण उशीर झाला होता.

नवऱ्याशी मी बरेच दिवस बोलले नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. शेवटी एकदा तोच म्हणाला, "नौकरी होती. मी काय करतो?"

"धराच्या वक्ती तुमी हुकमाचे ताबेदार," मी म्हणाले, "अन खोटं बोलाच्या वक्ती सत्यवादी. उलटं करता नाई आलं?"

तो वाईट माणूस नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग होता. वाईट माणसाला तरी काय करायचं ते मला कळलं असतं. पुढे आमचा संसार झाला, मुलं झाली, चांगला झाला म्हणायचा. पण त्याचे हात कोणाच्या खांद्यावर मागून पडलेले दिसले की मी तोंड फिरवायची, ते शेवटपर्यंत.

चौकीदार आपल्या गावी निघून गेला होता. मोह सरला, आंबे लागले, तेव्हा मी मिठाची पुडी घेऊन त्याच्या बायकोला भेटायला गेले. खरं म्हणजे ती मुलगी जिवंत आहे की नाही ते मला बघायचं होतं. आजाच खोटा निघाला, म्हणजे ज्याच्या भरवशावर ते पोर जगलं असं ते धरून होते तो भरवसाच गेला होता. आता ताप आला, खोकला आला तरी आजा उपाशी आहे, हेच ते म्हणणार. मला त्याची धास्ती होती.

मुलगी अंगणात माती खात होती. बायको तिला ओरडत होती. चौकीदार कुडाच्या भिंतीला टेकून बांबू तासत बसला होता, मान थोडी वळवून, चांगल्या डोळ्यानं. मला बघून हसला. आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला, भाताच्या खळीनं चिकटवलेलं ते चित्र होतं. फाटलेलं, सुरकुतलेलं, अर्धं पेजेनं पिवळं पडलेलं. खाली कुडावर रक्ताचं ताजं बोट. आंब्याचं पंडुम झालं होतं.

मला एकदम राग आला. कशाचा ते मलाच कळेना. मिठाची पुडी बायकोच्या हातात देऊन मी सरळ विचारलं.

"भाऊ, तो तुहा आजा नोहे. वाचून दाखवलं ना तुले. मंग काऊन त्याले कोंबडी देऊन राह्यला?"

"नोहे," तो म्हणाला. "मले ठाऊक आहे."

त्यानं बांबू खाली ठेवला. सांगायला त्याला घाई नव्हती. जे बरेच दिवस मनात फिरवून झालं होतं तेच तो बोलत होता.

"माहा आजा कुठी पडला ते मले ठाऊक नाई. याच्या घरच्याइले बी ठाऊक नसन, हा कुठी आहे ते. हा इथी माह्या घरी येऊन पडला. उपाशी कसा ठेवू? मी याले देतो. तिकडं कोणाच्या भिताडावर माहा आजा असन, तर त्या घरचे बी त्याले देत असतीन."

त्याची बायको मान हलवत होती. यावर त्यांच्यात बोलणं होऊन गेलेलं दिसत होतं. मुलगी मातीचं तोंड घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या लुगड्याला हात पुसले.

मी बोलण्यात कधी कोणाला हार गेलेली बाई नाही. त्या दिवशी गेले. घरी आले, नवरा दारात बसला होता, त्याला म्हटलं खुराड्यातली तांबडी कोंबडी धरा. कशाला, असं त्यानं विचारलं.

"तिकडं भाऊच्या घरी द्याची आहे," मी म्हणाले. "अन तुमीच घेऊन जा. आपल्या हातानं द्या."

तो उठला आणि कोंबडी धरायला गेला.